गुर्ला मांधाताच्या बर्फात १९६३ सापडत नाही

मुठाकाठ | सोमवार, रात्री १०.१५

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज लिहूनच टाकतो, लांबेल, सांभाळून घ्या.

माझा जन्म १९६३ चा, नारायण पेठेतला. पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ ला, म्हणजे मी नव्हतोच, पण आमच्या वाड्यात तो पूर रोज दिसायचा कारण जिन्याखालच्या भिंतीवर पाण्याची रेघ होती. चुना मारला की वर्षभर दबायची आणि पुढच्या पावसाळ्यात ओल धरली की परत वर यायची. आजी सगळ्या घराचा इतिहास त्या रेघेवरून सांगायची, हा कोनाडा पुराआधीचा, ती कडी पुरानंतर बसवली, हे कपाट रेघेच्या खाली होतं म्हणून याचं लाकूड फुगलंय. आम्हा पोरांना सालं पाठ करावी लागली नाहीत.

आता दुसरं टोक. २०१४ ला मी आणि बायको लिपुलेखवरून कैलास-मानसरोवरला जाऊन आलो. तकलाकोटहून मानसकडे जाताना एक प्रचंड पांढरा डोंगर सतत सोबत असतो, गुर्ला मांधाता, ७,६९४ मीटर, मांधाता राजाने तिथे तप केलं असं बरोबरचे लोक सांगत होते. सरोवराकाठी सगळे उत्तरेला कैलासाकडे हात जोडून उभे आणि मी मान वळवून दक्षिणेला या मांधाताकडेच बघत बसलो. तो फोटो मोठा करून हॉलमध्ये लावलाय.

गेल्या महिन्यात भाची आली होती, जिऑलॉजीत एमएस्सी करतेय, फोटो बघून म्हणाली, मामा, ह्याच डोंगराच्या हिमनदीत बॉम्बचा थर मिळाला नाही ना. मला काही कळेना, कसला बॉम्ब, कसला थर. मग जेवणं झाल्यावर तिने दोन तास समजावलं आणि तेव्हापासून मी मिळेल ते वाचतोय, खरं सांगतो, झोप उडालीय.

गोष्ट अशी आहे. हिमनदीच्या वरच्या भागात जेवढा बर्फ वर्षाला पडतो त्यातला बराचसा वितळतच नाही, पुढच्या वर्षीचा त्याच्यावर बसतो, असे थरावर थर. पोकळ ड्रिलने खोल भोक पाडून बर्फाचा लांबच लांब दांडा काढतात, त्याला कोअर म्हणतात. वर नवं, खाली जुनं. पण कुठला थर कुठल्या साली पडला हे ठरवायला पक्की खूण पाहिजे, आणि ती खूण माणसानेच घालून ठेवलीय. १९४५ ते १९८० या काळात जगात उघड्या हवेत ५४३ अणुस्फोट झाले, सगळ्यांची मिळून ताकद ४४० मेगाटन, म्हणजे हिरोशिमावर पडला तसले साधारण २९ हजार बॉम्ब. त्याची राख पृथ्वीभर फिरली आणि पाऊस-बर्फाबरोबर खाली आली. ध्रुवावर, आल्प्सवर, हिमालयात, सगळीकडे. १९६२-६३ चा थर तर इतका ठळक असतो की कोअर हाताळणारे लोक आधी तोच शोधतात, तो मिळाला की वरखालचा हिशेब सुरू. आमच्या जिन्याखालची रेघच म्हणा.

२००६ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या लॉनी थॉम्पसन यांच्या टीमने गुर्ला मांधातावरच्या हिमनदीत, तिबेटी लोक त्या डोंगराला नायमोनान्यी म्हणतात, ६,०५० मीटर उंचीवर कोअर काढले. रेघ शोधली. नाही मिळाली. १९६२-६३ ची नाही आणि १९५० च्या दशकातल्या समुद्रावरच्या स्फोटांचीही नाही. २००८ ला त्यांनी ते प्रसिद्ध केलं आणि निष्कर्ष सरळ होता, या हिमनदीवर किमान १९५० पासून बर्फाची निव्वळ भर पडलेलीच नाही. म्हणजे माझ्या जन्माच्या वर्षी जो बर्फ तिथे पडला, तो राहिलाच नाही. समजा वाड्याची भिंत वरून पाडत पाडत खाली आणली आणि रेघेच्याही खाली पोचलो, तसं. शेजारच्या वाड्यात रेघ छातीएवढी आहे आणि आपल्याकडे गुडघ्याएवढीच भिंत उरलीय आणि तिच्यावर काही नाही, यावरून कळतं किती भिंत गेली.

मी त्या डोंगराकडे तासभर बघत होतो आणि मला तो पूर्ण वाटला होता. याच्यावर इथल्या जाणकारांनी लिहावं म्हणून धागा काढला.


ट्रेकर_औंध | सोमवार, रात्री १०.५०

काका जबरदस्त लिहिलंय. एक शंका, बॉम्ब फुटले पॅसिफिकमध्ये आणि रशियाच्या पार उत्तरेला, मग राख तिबेटात कशी? हिमालय तर भिंत आहे, आपला मान्सूनसुद्धा पलीकडे धड जात नाही.


मुठाकाठ | सोमवार, रात्री ११.२०

मलाही हाच प्रश्न पडला होता. लहान बॉम्बची राख ढगांच्या उंचीवरच राहते आणि काही दिवसांत, फार तर आठवड्यांत, पावसाबरोबर पडून जाते. पण हायड्रोजन बॉम्बचा ढग त्याच्याही वर, स्ट्रॅटोस्फिअरमध्ये शिरतो, तिथे पाऊस नाही, ढग नाहीत, राख धुवून काढणारं काहीच नाही. मग ती वर्ष दोन वर्षं वरच्या वर पृथ्वीभोवती पसरत राहते आणि दर वसंत ऋतूत वरची हवा खाली मिसळते तेव्हा हप्त्याहप्त्याने उतरते. तिच्यापुढे हिमालय म्हणजे काहीच नाही, ती वरूनच येते.

म्हणून तर १९६३ मोठं. रशियाने ३० ऑक्टोबर १९६१ ला नोवाया झेमल्या बेटावर ५० मेगाटनचा बॉम्ब फोडला, आजवरचा सगळ्यात मोठा. अमेरिकेनेही १९६२ मध्ये सपाटा लावला. ते सगळं वर साठलं आणि १९६२-६३ ला खाली आलं. पानशेतला तीनच महिने झाले होते हो, इकडे आमचे लोक घरातला चिखल खरवडत होते.


अणुरेणू | मंगळवार, सकाळी ७.०५

धाग्याचा विषय बघून राहवलं नाही. मी ट्रॉम्ब्याला किरणोत्सार मोजायच्या कामात तीस वर्षं काढली, आता बावधनला असतो. थोडी भर.

राख म्हणजे एक पदार्थ नव्हे. बर्फात जे शोधतात ते मुख्यतः असं. स्ट्रॉन्शियम-९० आणि सीझियम-१३७, दोघांचं अर्धायुष्य तीस वर्षांच्या आसपास, म्हणजे तीस वर्षांनी निम्मं उरतं, साठ वर्षांनी पाव. बीटा किरण मोजतात ते बहुतेक या दोघांचे. बर्फाचे तुकडे वितळवायचे, पाणी खास गाळणकागदातून सोडायचं, कागद वाळवून काउंटरखाली ठेवायचा आणि वाट बघायची. यात कौशल्यापेक्षा धीर जास्त लागतो. जुना नमुना असला की टिकटिक इतकी कमी की आजूबाजूच्या भिंतींतून, जमिनीतून येणारं नैसर्गिक किरणोत्साराचं प्रमाणच जास्त, म्हणून काउंटरभोवती शिशाच्या विटा रचून एकेक नमुना दिवसभर, कधी रात्रभर ठेवायचो. सकाळी येऊन आकडा बघताना अजूनही आठवतं, छातीत धडधड व्हायची.

दुसरा ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचाच जड भाऊ. याचं अर्धायुष्य १२.३ वर्षं. हा बर्फात मिसळलेला नसतो, हा स्वतःच पाण्याचा रेणू होऊन बसतो. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

तिसरा क्लोरीन-३६, आणि याची जन्मकथा बघा. १९५२ ते १९५८ मध्ये पॅसिफिकच्या बेटांवर, तराफ्यांवर स्फोट केले, त्यातले न्यूट्रॉन समुद्राच्या पाण्यात शिरले, समुद्रात मीठ, मिठात क्लोरीन, त्याचं क्लोरीन-३६ झालं आणि वाफेबरोबर वर गेलं. म्हणजे समुद्रातलं मीठच किरणोत्सारी होऊन हिमालयावर पडलं. अर्धायुष्य तीन लाख वर्षं. काळाने ते पुसलं जाणारच नाही.

चौथा प्लुटोनियम-२३९, अर्धायुष्य २४ हजार वर्षं.

आता मुठाकाठ यांच्या हिमनदीचं गणित करा. १९६३ ते २००६, ४३ वर्षं. सीझियम एक तृतीयांशाहून थोडं जास्त उरायला हवं होतं. ट्रिटियम शेकडा नऊच्या आसपास, पण १९६३ च्या पावसात ते नैसर्गिक प्रमाणाच्या शेकडो पट होतं, त्यामुळे नऊ टक्केसुद्धा ठसठशीत दिसायला पाहिजेत. आणि क्लोरीन तर जवळजवळ जसंच्या तसं. तिन्ही नाहीत. एखादं नसतं तर मी म्हटलं असतं नमुना बिघडला असेल. तिन्ही नाहीत म्हणजे तो बर्फच नाही.


पर्वतीपायथा | मंगळवार, सकाळी ९.३०

अणुरेणू सर, नमस्कार. विरोधासाठी विरोध नाही पण मला हे पटायला एक अडचण आहे. उन्हाळ्यात वरचा बर्फ वितळतो आणि पाणी खाली झिरपतं, त्याबरोबर हे सगळे क्षार धुवून गेले असतील तर? म्हणजे बर्फ आहे पण खूण धुतली गेली. आमच्या टेरेसवर मिठाचा डाग पहिल्या पावसात जातो, स्लॅब तिथेच राहते.


अणुरेणू | मंगळवार, सकाळी ११.४५

अगदी योग्य शंका आणि हे खरंच होतं. स्वित्झर्लंडमध्ये ग्रां कॉम्बां म्हणून डोंगर आहे, तिथल्या हिमनदीत २०१८ ला काढलेला कोअर चांगला होता आणि २०२० ला परत गेले तर वितळलेल्या पाण्याने क्षारांच्या नोंदी धुवून काढलेल्या. दोन वर्षांत. एखादी वही पाण्यात पडावी तसं, पानं आहेत, शाई गेली.

पण म्हणूनच मी म्हटलं ट्रिटियमचं लक्षात ठेवा. सीझियम, क्लोरीन धुवून जाऊ शकतात कारण ते बर्फाच्या कणांमध्ये अडकलेले असतात. ट्रिटियम म्हणजे पाणीच. १९६३ चं पाणी तिथे असेल तर त्यात ट्रिटियम असणारच, ते मागे सोडून पाणी राहू शकत नाही. तुमच्या उदाहरणात सांगायचं तर ट्रिटियम डाग नाही, स्लॅबमधलं सिमेंट आहे. ते नाही म्हणजे स्लॅब नाही.


पर्वतीपायथा | मंगळवार, दुपारी १२.१०

पटलं सर. आणि पटल्यावर जास्त अस्वस्थ वाटतंय.


हिमालयवेडी | मंगळवार, दुपारी २.३०

मी तीन वर्षांपूर्वी लाहौलमध्ये छोटा शिग्री हिमनदीवर गेले होते. तिथल्या बर्फावर ठिकठिकाणी छोटी छोटी गोल भोकं असतात, काही वाटीएवढी, काही बादलीएवढी, आत स्वच्छ पाणी आणि तळाशी काळा मऊ गाळ. गाईड म्हणाला धूळ आहे. धूळ काळी असल्याने ऊन शोषते, खालचा बर्फ वितळतो आणि ती खाली खाली जात भोक पडतं. मी त्या पाण्यात हात घातला होता, इतकं गार होतं की बोटं बधीर झाली. परत आल्यावर वाचलं की याला क्रायोकोनाइट म्हणतात आणि याच गाळात ही जुनी किरणोत्सारी द्रव्यं गोळा होऊन बसतात. २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी आर्क्टिक, आल्प्स, कॉकेशस, कॅनडा, अंटार्क्टिका अशा १७ जागांचा गाळ तपासल्याचं सांगितलं, सगळ्या सतरा ठिकाणी अणुधूळ सापडली, आणि बऱ्याच ठिकाणी आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दहा पट किंवा जास्त. काही ठिकाणी १९८६ च्या चेर्नोबिलचीही होती.

म्हणजे मुठाकाठ काका, तुमची हरवलेली रेघ कुठे गेली याचं एक उत्तर हे असू शकतं. वरचे थर वितळले, पाणी गेलं, आणि त्यातली राख गाळात चिकटून राहिली. काही खाली नदीत गेली असेल.

माझा साधा प्रश्न, त्या हाताचं काही होईल का?


अणुरेणू | मंगळवार, दुपारी ४.००

ताई, काही होणार नाही, निश्चिंत राहा. दहा पट हा आकडा गाळाचा आहे, पाण्याचा नाही, आणि मुळात तुलना खूप कमी प्रमाणाशी आहे. सीझियम मातीच्या बारीक कणांना घट्ट धरून बसतं, पाण्यात सहज सुटत नाही. हात धुतलात की संपलं.

काळजी करायची ती वेगळी. हा गाळ पुढे वाहून जिथे साठेल, तिथे चरणारी जनावरं, गवत, त्यांचं दूध यावर लक्ष ठेवलं पाहिजे. मोजत राहिलं पाहिजे एवढंच माझं म्हणणं. माझ्या आधीच्या पिढीने हेच केलं, १९५०-६० च्या दशकात ट्रॉम्ब्याच्या लोकांनी देशात ठिकठिकाणी हवा, पाऊस, दूध यांचे नमुने गोळा करून मोजले. तेव्हा प्लास्टिकच्या बरण्यासुद्धा सहज मिळत नव्हत्या.


दुधावरचीसाय | मंगळवार, संध्याकाळी ६.२०

दुधाचा विषय निघाला म्हणून लिहिते. मी दातांची डॉक्टर आहे, धनकवडीत क्लिनिक आहे. आम्हाला कॉलेजात एका सरांनी सेंट लुईसच्या दुधाच्या दातांबद्दल सांगितलं होतं ते मी विसरू शकत नाही. स्ट्रॉन्शियम हे कॅल्शियमसारखंच वागतं, त्यामुळे गवतावर पडलं की गाईत, गाईतून दुधात, दुधातून पोरांच्या हाडात आणि दातात. अमेरिकेत सेंट लुईस शहरात १९५८ च्या अखेरीला डॉक्टर लुईस रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करायला सुरुवात केली, लाखो दात जमले. पोरं शाळेत दात आणून द्यायची आणि त्यांना बिल्ला मिळायचा. स्फोट वाढत गेले तसं दातातलं स्ट्रॉन्शियम वाढत गेलेलं त्यांना दिसलं.

मुठाकाठ काका १९६३ चे, म्हणजे त्यांच्या दुधाच्या दातातही ते होतंच, पुण्यातल्या म्हशीच्या दुधातूनसुद्धा. बर्फात जो थर सापडत नाही तो त्या वयाच्या सगळ्या माणसांच्या अंगात काही वर्षं होता. मला हे लिहितानाही अंगावर काटा आला. माझ्याकडे रोज पोरं येतात, दात पडला की मुठीत धरून आणतात.


मुठाकाठ | मंगळवार, रात्री ९.००

डॉक्टर, हे मला माहीत नव्हतं. आईने माझा पहिला दात तुळशीच्या कुंडीत पुरला होता.


पावसाळी_ढग | मंगळवार, रात्री ९.४५

दात, बर्फ, आणि झाडंसुद्धा. मी पाषाणला हवामानाच्या क्षेत्रात काम करते, त्यामुळे हे जवळचं. स्फोटांनी हवेतलं कार्बन-१४ उत्तर गोलार्धात जवळजवळ दुप्पट झालं होतं, साधारण १९६३-६४ च्या सुमाराला सगळ्यात जास्त. झाडं तोच कार्बन घेऊन त्या वर्षीचं वर्तुळ बनवतात. अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीच्या लोकांनी ठाण्याच्या एका झाडाची वर्तुळं तपासली होती आणि त्यात ही चढण दिसते. कुठे नोवाया झेमल्या आणि कुठे ठाणे.

त्याच लॅबचा आणखी एक धागा. आपल्याकडच्या हिमनद्यांचं वय काढायचं काम निजामपूरकर, भंडारी आणि सहकाऱ्यांनी केलं, काश्मीरमधली नेहनार, सिक्कीममधली चांगमे खांगपू, नैसर्गिक शिसं-२१० आणि सिलिकॉन-३२ वापरून. सिलिकॉन-३२ निसर्गात असतं हे दाखवणाऱ्यांत आपले देवेंद्र लाल होते. १९८० च्या आसपास पाठीवरून बर्फाचे नमुने खाली आणून वितळवून मोजलेत, कसं केलं असेल. हे काम शाळेच्या पुस्तकात असायला हवं असं मला मनापासून वाटतं.


सदाशिवपेठी | बुधवार, सकाळी ८.१५

नंदादेवीचं कोणी लिहिलं नाही अजून? १९६५ ला सीआयए आणि आपल्या आयबीने मिळून नंदादेवीवर प्लुटोनियमवर चालणारं यंत्र न्यायचं ठरवलं होतं, चीनच्या चाचण्यांवर नजर ठेवायला. वादळ आलं, यंत्र वाटेत बांधून ठेवून खाली उतरले, पुढच्या वर्षी गेले तर गायब. १९७८ ला मोरारजीभाईंनी संसदेत निवेदन केलं. आजपर्यंत सापडलेलं नाही. बर्फातलं प्लुटोनियम त्याचंच नसेल कशावरून? २०२१ च्या चमोलीच्या पुराच्या वेळी रैणी गावचे लोकही तेच म्हणत होते.


अणुरेणू | बुधवार, सकाळी १०.३०

दोन्ही वेगळं आहे आणि वेगळं ओळखताही येतं. त्या यंत्रात प्लुटोनियम-२३८ होतं, जे उष्णता देतं म्हणून बॅटरीसारखं वापरतात, अर्धायुष्य ८७.७ वर्षं. बॉम्बच्या राखेत २३९ आणि २४० प्रामुख्याने असतात. प्रमाण मोजलं की कुणाचं ते कळतं, एकाच गावच्या दोन घरांची आडनावं वेगळी असावीत तसं.

चमोलीचं कारण तपासून झालंय. ७ फेब्रुवारी २०२१ ला रोंती शिखराच्या उतारावरून खडक आणि बर्फ मिळून सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटरचा कडा सुटला. पण रैणीच्या लोकांना दोष देऊ नका. त्यांच्या डोक्यावर न विचारता काहीतरी नेऊन ठेवलं आणि हरवलं, मग प्रत्येक आवाजाला त्यांना तेच आठवणार. त्यांची भीती खरी आहे.


सदाशिवपेठी | बुधवार, सकाळी ११.००

बरोबर आहे सर, त्यांच्या बाजूने मी विचार केला नव्हता. मग थांबवलं कसं हे सगळं? आपोआप तर थांबलं नसणार.


रद्दीतलंसोनं | बुधवार, दुपारी १.४०

याचं उत्तर मी देते, मला जुनी कागदपत्रं वाचायचा नाद आहे. १ मार्च १९५४ ला अमेरिकेने बिकिनी बेटावर बॉम्ब फोडला, अंदाज होता ५-६ मेगाटनचा, निघाला १५ चा. जपानची एक मासेमारी बोट, फुकुर्यू मारू, त्या राखेत सापडली, २३ जण होते. पांढरी राख डेकवर पडत होती आणि ते काय आहे त्यांना माहीतच नव्हतं. रेडिओ ऑपरेटर कुबोयामा सप्टेंबरमध्ये गेले.

आणि २ एप्रिल १९५४ ला नेहरूंनी लोकसभेत चाचण्या थांबवा अशी मागणी केली. मोठ्या देशांपैकी कुणी इतक्या स्पष्टपणे म्हणायच्या आधी. १९५६ ला आपल्या सरकारने अणुस्फोटांच्या परिणामांवर एक पुस्तकच काढलं, डी. एस. कोठारींच्या पुढाकाराने, त्यात होमी भाभा होते आणि आपले कॅन्सरचे मोठे संशोधक डॉ. वसंत रामजी खानोलकर होते. खानोलकरांचं नाव आज किती जणांना माहीत आहे?

पुढे नोव्हेंबर १९५८ पासून अमेरिका, ब्रिटन, रशिया तिघे जवळजवळ तीन वर्षं थांबले. १ सप्टेंबर १९६१ ला रशियाने परत सुरू केलं. शेवटी ५ ऑगस्ट १९६३ ला मॉस्कोत करार झाला, हवेत, पाण्यात, अवकाशात स्फोट बंद. फ्रान्स आणि चीनने सही केली नाही, चीनचा हवेतला शेवटचा स्फोट ऑक्टोबर १९८० चा.


मुठाकाठ | बुधवार, रात्री ९.३०

ते तीन वर्षांचं थांबणंसुद्धा बर्फात आहे! आल्प्समध्ये मॉन्ते रोझाच्या डोंगरावर कोले न्यिफेत्ती म्हणून जागा आहे, ४,४५० मीटर, तिथल्या कोअरमध्ये प्लुटोनियम मोजलंय. १९५४-५५ पासून चढ, १९५८ ला टोक, मग १९५९-६० ला उतार, परत १९६२-६३ ला चढ आणि मग करारानंतर खाली. चार माणसं टेबलाभोवती बसून ठरवतात आणि दोन वर्षांत डोंगरावरच्या बर्फाला ते कळतं. मी तो आलेख भाचीकडून छापून घेतला आणि त्या मांधाताच्या फोटोशेजारी चिकटवलाय, बायको म्हणाली फ्रेम करू.


ट्रेकर_औंध | बुधवार, रात्री १०.१०

काका पण एका हिमनदीवरून सगळा हिमालय संपला असं म्हणता येईल का?


मुठाकाठ | बुधवार, रात्री १०.४५

नाही, आणि तसं कुणी म्हणूही नये. त्याच थॉम्पसन यांच्या टीमने १९९७ ला शिशापांग्माच्या दासुओपूवर ७,२०० मीटरवर कोअर काढला होता, तिथे बॉम्बची रेघ व्यवस्थित मिळाली. उंची हाच फरक. पण ६,०५० मीटर म्हणजे काही कमी नाही हो, एवढ्या उंचीवर बर्फ साठतच राहतो असं आपण गृहीत धरून चाललो होतो. आणि नायमोनान्यी एकटी नाही. २०१५ मध्ये चिनी शास्त्रज्ञ शिचांग कांग आणि सहकाऱ्यांनी तिबेटातल्या आणखी दोन हिमनद्यांचं ट्रिटियम आणि पारा मोजून लिहिलं, यांगत्सेच्या उगमाजवळच्या गेलादाइंदोंगवर सगळ्यात वरचा बर्फ साधारण १९८२ चा, आणि ल्हासाच्या बाजूच्या न्येनचेन थांगलावर १९५० च्या दशकाच्या अखेरचा. म्हणजे पृष्ठभागावर पाय ठेवलात की तुम्ही १९५७-५८ वर उभे.

मला सगळ्यात लागलं ते हे की मांधाताचा परिसर म्हणजे सिंधू, गंगा, ब्रह्मपुत्रा तिन्हींच्या उगमाच्या जवळचा. सतलज तिथून, कर्णाली तिथून. आपली मुठा सह्याद्रीतली, पावसावर जगते, आपल्याला थेट झळ नाही, पण खाली किती कोटी लोक आहेत. नद्यांना उन्हाळ्यात जे पाणी मिळतं त्यात असा जुना, साठवणीतला बर्फ असतो. ठेव मोडून घर चालवल्यासारखं आहे, आणि पासबुकातली १९५० नंतरची एकही जमा शिल्लक नाही.


हिमालयवेडी | गुरुवार, सकाळी ७.५०

म्हणूनच आता काही लोक कोअर काढून जपून ठेवायच्या मागे लागलेत, आइस मेमरी म्हणून प्रकल्प आहे, २०१६ ला माँ ब्लाँवरून सुरुवात केली. अंटार्क्टिकात कॉन्कॉर्डिया स्टेशनपाशी बर्फातच गुहा करून ठेवायचे, तिथे फ्रीजर लागत नाही, वीज गेली तरी चालतं. आपल्या हिमनद्यांचेही ठेवायला हवेत, वितळायच्या आत. स्पितीत आपलं हिमांश केंद्र २०१६ पासून आहे, गोव्याच्या ध्रुवीय संशोधन केंद्राचं, तिथले लोक दरवर्षी मोजायला जातात, त्यांना मनापासून नमस्कार.


पेठेतली_लेक | गुरुवार, दुपारी ३.१५

धागा पहिल्यापासून वाचला, मी इथे फारसं लिहीत नाही. मुठाकाठ काका, तुमच्या वाड्यातली रेघ आहे का अजून?


मुठाकाठ | गुरुवार, संध्याकाळी ५.००

नाही बाळ. १९९४ ला वाडा पडला, इमारत झाली. तेव्हा कुणाच्या डोक्यातच आलं नाही की फोटो काढावा. आज मला विचारलं की पाणी नक्की किती चढलं होतं तर मी फक्त हात वर करून दाखवू शकतो, आणि तेव्हा मी लहान होतो, म्हणजे तेही धड नाही.


पेठेतली_लेक | गुरुवार, संध्याकाळी ५.४०

आमच्याकडे आहे. शनिवार पेठेत, आजोबांच्या खोलीत लोखंडी कपाटामागे. आजोबांनी खिळ्याने खाली तारीख कोरलीय, १२-७-६१. आम्हाला दिवाळीनंतर घर रिकामं करायचंय, कागद झालेत.


मुठाकाठ | गुरुवार, संध्याकाळी ५.४५

कपाट सरकवायला माणूस लागेल का? मी येतो. फूटपट्टी आणि मेजरिंग टेप घेऊन येतो, जमिनीपासून उंची घेऊ, रस्त्याच्या पातळीपासून पण घेऊ, नुसता फोटो पुरत नाही.


पर्वतीपायथा | गुरुवार, संध्याकाळी ६.०५

मी सिव्हिलवाला आहे, माझ्याकडे लेव्हल मशीन आहे, पातळी अचूक काढून देतो. कधी जमायचं सांगा.


पेठेतली_लेक | गुरुवार, संध्याकाळी ६.३०

रविवारी सकाळी नऊला या. आजी आहे घरी, तिला सगळं आठवतं, पाणी कुठल्या पायरीवर थांबलं तेही. वहीत लिहून घ्यायला कोणीतरी लागेल.


अणुरेणू | गुरुवार, संध्याकाळी ६.३५

मी लिहून घेतो. नऊला पोचतो.